सॉफ्टबॉलचे नियम आणि समतेचा धडा

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेसाठी सॉफ्टबॉलवर लिहावे, याचे कोणाला नवल वाटेल. परंतु नियमांचा इतिहास हाही इतिहासच आहे आणि लिखित नियमांचे मोल आमच्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला क्वचितच कळले असेल.

हा खेळ 1887 साली अमेरिकेतील शिकागो शहरात जन्मला. थंडीत बंद दालनात खेळता यावे म्हणून जॉर्ज हॅनकॉक यांनी बेसबॉलला हे छोटे रूप दिले. बॉक्सिंगचा मोजा बांधून चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट केली. अपुरी जागा आणि हाताशी असलेली साधने यांतूनच हा खेळ घडला. न्हावा शेवा परिसरात बंदर 1989 साली सुरू झाले. शेती, मिठागरे आणि खाजणांच्या जागी कंटेनरची आवारे आली. मोकळी जमीन दुर्मीळ झालेल्या या भागात असा आटोपशीर खेळ मुलांना जवळचा वाटावा, हे स्वाभाविकच आहे. बेसबॉलमध्ये दोन बेसमधील अंतर 90 फूट असते. सॉफ्टबॉलमध्ये ते 60 फूट असते.

मूलभूत नियम सोपे आहेत. संघात नऊ खेळाडू आणि सामन्यात सात डाव. चेंडूचा घेर सुमारे 12 इंच. पिचरने तो हात खालून फिरवून टाकायचा. होम प्लेटवरून, बॅटरच्या काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीतून आलेला चेंडू सोडला, किंवा बॅट फिरवूनही चेंडू हुकला, तर तो स्ट्राइक. सामान्यतः तीन स्ट्राइकला बॅटर बाद. त्या कक्षेबाहेरचे चार चेंडू सोडले की पहिला बेस आपोआप मिळतो. मारलेला चेंडू झेलला गेला, किंवा बॅटरच्या आधी पहिल्या बेसवर पोहोचला, तरी तो बाद. तिन्ही बेस पार करून होम प्लेट गाठली की एक धाव. तीन जण बाद झाले की संघांनी जागा बदलायच्या.

आम्हांला यांत सर्वांत मोलाचा वाटतो तो फलंदाजीच्या क्रमाचा नियम. सामन्यापूर्वी नावे क्रमाने लिहून द्यायची आणि त्याच क्रमाने बॅट हाती घ्यायची. एक डाव जेथे थांबला, त्याच्या पुढच्या नावापासून दुसरा सुरू होतो. क्रम मोडून कोणी उभा राहिला आणि प्रतिपक्षाने वेळीच हरकत घेतली, तर शिक्षा होते. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याची पहिली फलंदाजी, आणि दुबळे पोर दिवसभर चेंडू आणून देते. येथे नवव्या क्रमांकाच्या मुलीचीही वेळ येतेच. ती कोणाच्या मेहेरबानीने येत नाही, नियमाने येते.

मैदानावरचा नियम पुरेसा असतो असे मात्र नाही. पालवणकर बाळू हे थोर गोलंदाज. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्याच बाळूंना पुण्यात सवर्ण सहकाऱ्यांपासून दूर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांना चालत होता, पण त्यांनी उष्टावलेला पेला कोणाला चालत नव्हता. खेळाचे नियम लिहिलेले होते. चहाचा नियम रूढीचा होता.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्मरण करून दिले की, भिक्खू संघांना आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती आणि मतमोजणी यांचे नियम ठाऊक होते. त्याच भाषणात, राजकारणात समता आणि सामाजिक जीवनात विषमता असा विसंवाद फार काळ टिकू देऊ नये, असा इशाराही त्यांनी दिला. आम्ही हे दोन्ही विचार एकत्र शिकवतो.

आमच्याकडे दोन संघांत मोज्यांचा संच एकच असतो. बॅट धरायला येणारा संघ घामाने ओलसर झालेले मोजे उतरवतो आणि मैदानात जाणारा संघ तेच हातांत घालतो. मोजा आधी कोणाच्या हातात होता, हे कोणी विचारत नाही. ही सवय मैदानाबाहेर जेवणाच्या पंगतीत, पाण्याच्या माठापाशी आणि उद्या संसारात टिकली, तरच हा खेळ आमच्या मुलांना खऱ्या अर्थाने आला, असे आम्ही मानू.