बुटके, वैनगंगा आणि बाबा

माझा किल्ला बुडाला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. चूक शंभर टक्के माझीच! विहिरीसाठी नदीपासून थेट कालवा खणला आणि त्याला दार लावायला विसरलो. झालं! ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मध्ये पाण्याची खोली १ ते ७ अशी मोजतात. माझ्या डायनिंग हॉलमध्ये ७, बेडरूममध्येही ७. (२००६ पासून जगभरातले लोक या गेममध्ये असेच बुडतायत, एवढंच काय ते समाधान.)

मग मी सरळ चीटिंग केली. ‘डीएफहॅक’ नावाचं एक ॲड-ऑन मिळतं. एका कमांडने पाणी शून्य, दुसरीने कालव्याच्या जागी अख्खा दगड. दहा मिनिटांत किल्ला कोरडा! मेलेले बुटके मात्र परत आले नाहीत.

ही ऑगस्ट २०२०ची गोष्ट. मास कॉमचं शेवटचं वर्ष, लॉकडाऊनमुळे मुक्काम भंडाऱ्याला. महिनाअखेरीस मध्य प्रदेशात धो-धो पाऊस झाला, तिकडे संजय सरोवराचं पाणी सोडलं आणि वैनगंगा आमच्या गल्लीत शिरली. बाबा आणि मी फ्रिज विटांवर चढवत होतो. आधी दोन विटा. मग चार. मग फ्रिज सोडला आणि आजीला उचलून गच्चीवर नेलं.

पाणी उतरलं, गाळ उपसून झाला. भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर एक रेघ तेवढी राहिली. कमांड आठवत मी तिच्याकडे बघत बसायचो.

महिन्याभराने एका रात्री बाबा मागे येऊन उभे राहिले. ‘‘काय खेळून राहिला बे?’’ काळ्या स्क्रीनवर नुसती अक्षरं! मी सगळं समजावलं, डीएफहॅकचं कौतुकही केलं. बाबांचं बालपण मालगुजारी तलावाच्या पाळीवर गेलेलं. (आमचा जिल्हा तलावांचाच, कोहळी लोकांनी बांधलेल्या.) म्हणाले, ‘‘ते शून्य-बिन्य राहू दे. सांडवा कुठं आहे तुझा?’’

सांडवा? नव्हताच!

रात्रभर बसून बोगदा खणला, थेट नकाशाच्या कडेपर्यंत. कडेच्या भिंतीत जंग्या कोरल्या. या गेममध्ये तिथून पाणी नकाशाबाहेर निघून जातं. मग कालवा मुद्दाम उघडला. डायनिंग हॉल कोरडाठाक!

सकाळी चहासोबत बाबांना दाखवलं. खूश झाले. मग त्या कडेवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘अन् इकडं कोणाचं गाव आहे?’’