पहिली दोरी

आमच्या आप्पांच्या पिशवीत थापी, ओळंबा, लाइनदोरीचा गुंडा आणि एक लोखंडी गुण्या असायचा. गवंड्याच्या घरातल्या मुलीला काटकोन शाळेच्या आधी भेटतो. ‘कोपरा गुण्यात बसला का?’ हा प्रश्न मी भूमितीचं पुस्तक हातात येण्यापूर्वीच ऐकत आले होते.

पाया आखताना मात्र गुण्या पिशवीतच राहायचा. हातभर लोखंडावरून तीस फुटी भिंत आखायची तर केसाएवढा फरक दुसऱ्या टोकाला विटेएवढा होतो. तिथे दोरी आणि टेप. कोपऱ्याच्या खुंटीपासून एका दोरीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरेपर्यंत दुसरी दोरी सरकवत राहायची. जागा मोठी असली की ६-८-१०. चारही खुंट्या ठोकल्या की दोन्ही कर्ण मोजायचे आणि ते जुळले की मगच फक्की मारायची.

खरा वेळ जायचा तो पहिल्या दोरीत. गावातला प्लॉट कधी सरळ नसतो. एक बाजू रस्त्याला धरून, दुसरी शेजाऱ्याच्या जुन्या भिंतीला, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना दार पूर्वेलाच हवं. मालक, त्याचा भाऊ आणि येणारेजाणारे मिळून तासभर वाद घालायचे. आप्पा चहा पीत बसायचे आणि शेवटी म्हणायचे, ‘पहिली दोरी तुम्ही सांगा, बाकीच्या तीन माझ्या.’

घर कुठे तोंड करणार हा एक प्रश्न आणि घर चौकोनी राहणार की नाही हा दुसरा, ही फोड या वाक्यात आहे. पुढे मी डिझायनर झाले आणि कामाची अवजारं बदलत गेली, तरी प्रत्येक अवजारापाशी ही फोड नव्याने समोर आली.

शाळेतल्या कंपासपेटीत दोन गुण्ये मिळाले, एक ३०-६०-९० चा, दुसरा ४५-४५-९० चा. एक दाबून धरायचा, दुसरा त्याच्या कडेने सरकवत समांतर रेषा मारायच्या. दोन्ही जोडले की १५ च्या पटीतला हवा तो कोन निघतो. डिप्लोमाला मिनी ड्राफ्टर आला. बोर्डावर कुठेही सरकवा, त्याच्या पट्ट्या दिशा सोडत नाहीत, कारण दांड्यांचे दोन समांतरभुज चौकोन एकमेकांना जोडलेले असतात. सकाळचं पहिलं काम म्हणजे नॉब सैल करून डोकं शून्यावर आणायचं, पट्टी शीटच्या कडेला टेकवायची आणि क्लॅम्प आवळायचा. यात जरा हयगय झाली की गंमत व्हायची. तीन तास खपून काढलेलं सगळं ड्रॉइंग आतून चोख असायचं, रेघ रेघेशी काटकोनात, आणि कागदाशी मात्र तिरकं. मास्तर बॉर्डरकडे बोट दाखवून मार्क कापायचे. ड्रॉइंगचं आतलं नातं बिघडलेलं नाही, बिघडलीय ती फक्त पहिली दोरी, हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

भोसरीत नोकरीला लागले तेव्हा ऑटोकॅड होतं. १९८२ साली बाजारात आलेल्या या सॉफ्टवेअरने तोवर ड्रॉइंग बोर्ड अडगळीत घातले होते. एफ ८ दाबून ऑर्थो चालू केलं की रेघ आडवी किंवा उभीच पडते. आकृती फिरवायची तर रोटेट कमांड, एक बेस पॉइंट आणि कोन. शून्य उजव्या हाताला, मोजणी घड्याळाच्या काट्यांच्या उलट. कोन माहीत नसेल तर रेफरन्स घ्यायचा, म्हणजे ‘ही रेघ त्या रेघेला लाव’ एवढंच सांगायचं. पण तिथल्या रेघांना एकमेकींची ओळख नव्हती. काटकोनात काढलेल्या दोन रेघांपैकी एक वळवली, तर दुसरी जागच्या जागी ढिम्म.

रेघांना ओळख करून देण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. इव्हान सदरलँड यांनी १९६३ साली एमआयटीत स्केचपॅड या प्रोग्रॅमवर पीएचडी केली. टीएक्स-२ नावाच्या संगणकाच्या पडद्यावर लाइट पेनने ओबडधोबड आकृती काढायची आणि मग तिला सांगायचं की या बाजू समांतर, या परस्परांना लंब. आकृती स्वतःला सावरून तशी व्हायची. आज सॉलिडवर्क्समध्ये किंवा फ्रीकॅडमध्ये आम्ही दिवसभर करतो ते हेच. सॉलिडवर्क्समध्ये अर्धवट बांधलेलं स्केच निळं दिसतं, पुरतं बांधलं की काळं होतं. फ्रीकॅडमध्ये तेच हिरवं होतं.

आमच्याकडे नवीन लागलेला मुलगा मध्यंतरी वैतागून आला. ‘मॅडम, पॉकेट ३० अंशात फिरवायचंय, कोन दिला की स्केच ओव्हर-डिफाइन्ड दाखवतंय.’

‘कुठं कुठं बांधलंयस ते बघ आधी.’

पॉकेट, म्हणजे भागात कोरायचा खड्डा, चौकोनी होता. चौकोनाला चार कोपरे. प्रत्येक कोपरा दोन दिशांनी हलू शकतो, म्हणजे आमच्या भाषेत आठ डीओएफ. तयार रेक्टँगल टूलने चौकोन काढला की सॉफ्टवेअर आपणहून दोन बाजूंना हॉरिझाँटल आणि दोन बाजूंना व्हर्टिकल रिलेशन चिकटवतं. आठातले चार गेले. उरले ते दोन लांबी-रुंदीचे आणि दोन जागेचे. हा चौकोन लहानमोठा होईल, इकडून तिकडे सरकेल, पण एक अंशही फिरणार नाही. ती चारही रिलेशन्स काढून टाकली आणि त्यांच्या जागी फक्त तीन परपेंडिक्युलर दिली, तर चौथा कोपरा आपोआप काटकोनात येतो. आठातून तीन गेले, पाच राहिले, आणि तो पाचवा फिरण्याचा. चौकोन दोन्ही वेळा तितकाच चोख दिसतो. पहिल्याचं चोखपण पडद्याच्या अक्षांकडून उसनं घेतलेलं आहे, दुसऱ्याचं त्याच्या बाजूंनी आपसांत ठरवलेलं.

मुलाने रिलेशन्स बदलली. ओरिजिनमधून एक कन्स्ट्रक्शन लाइन काढून तिला कोनाचं माप दिलं आणि पॉकेटची बाजू तिला समांतर केली. पुढच्या आठवड्यात ग्राहकाने ३० चे ३५ केले. पॉकेट, भोकं, स्लॉट, सगळं एका आकड्यासरशी वळलं.

आईआप्पा उतारवयात गाव सोडून मोशीला आमच्या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा मला काळजी होती. बिल्डिंग तिरकी, दार पश्चिमेला. आप्पांनी आल्या आल्या टेप मागून हॉलचे कर्ण मोजले, ते जुळले नाहीत, आणि पुढे कित्येक दिवस ते टाइल्सच्या शेवटच्या ओळीकडे रागाने बघत होते. भिंतीलगत एका टोकाला बोटभर आणि दुसऱ्या टोकाला चार बोटं कापलेली टाइल होती. पण दोघं रुळली. आमच्या सोसायटीत गावाकडून आलेली कितीतरी माणसं पार, देऊळ आणि शेताची वाट यांना बांधलेली होती, ती इथे झुरली. आईआप्पा एकमेकांशी जन्मभर काटकोनात. आप्पा म्हणतील पंखा लाव, आई म्हणेल बंद कर. तो काटकोन मोशीतही तसाच राहिला आणि त्याच्या जोरावर दोघं नव्या दिशेला सहज वळली.

नव्या मुलांना मी आता एवढंच सांगते की आधी आकृतीच्या बाजूंची आपसांतली नाती लावा, मग लांबी-रुंदी द्या, मग जागा ठरवा. कोनाचं माप सगळ्यांत शेवटी द्यायचं आणि एकाच ठिकाणी द्यायचं, कारण ग्राहक बदलतो ते नेमकं तेच.