हप्ता, प्रोबेशन आणि बाबांची सही

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर नवी नोकरी. आणि नव्या नोकरीत जरा स्थिरावायच्या आतच मला एक उद्योग सुचला, घरकर्ज दुसरीकडे हलवायचा.

झालं असं, की 2025 च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर 6.50 वरून 5.50 वर आणला. पेपरात मथळे, ऑफिसात चर्चा, आमचा हप्ता मात्र ढिम्म! कर्ज गृहवित्त कंपनीचं, आणि तिचा दर रेपोला नाही, तर तिच्या स्वतःच्याच पायादराला बांधलेला. 30 लाख बाकी, 15 वर्षं, 9 टक्के. एक बँक 8 टक्क्यांनी घ्यायला तयार होती. एक्सेलमध्ये मांडलं. 30,428 चा हप्ता 28,670 वर येत होता. ऐकायला फार नाही, पण 180 महिन्यांनी गुणून बघा. (मी बघितलं. तीनदा.) तीन लाखांच्या वर जातात.

सप्टेंबरात एजंट घरी आला. पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16, फोरक्लोजर लेटर... यादी मोठी होती. नोकरी बदलून दोनच महिने झालेत आणि प्रोबेशन सहा महिन्यांचं आहे, हे ऐकून त्याने पेन खाली ठेवलं. मग अगदी सहज म्हणाला, "सर, जुन्या कंपनीच्याच स्लिपा द्या ना. फॉर्म 16 पण तिथलाच आहे. कोण बघतंय?"

खोटं कशाला सांगू, मला ते पटलं होतं.

बाबा तिथेच पेपर वाचत बसले होते. एजंट गेल्यावर म्हणाले, "या घरात माझा पीएफ आहे, लक्षात आहे ना?" बस्स. पुढे एक शब्द नाही. बाबांचं भाषण एक वेळ परवडतं, ही शांतता नाही परवडत.

फॉर्मवर नव्या कंपनीचं नाव लिहिलं. आठवड्यात उत्तर आलं, कन्फर्मेशन लेटर घेऊन या. म्हणजे आणखी चार महिने जुनाच हप्ता, सात हजार पाण्यात. खूप चिडचिड झाली. घरात सगळ्यांवर निघाली.

डिसेंबरात माझ्याबरोबर रुजू झालेल्या दोघांना नारळ मिळाला. त्या रात्री एक्सेल पुन्हा उघडलं. पगाराच्या रकान्यात शून्य टाकून बघायचं इतक्या दिवसांत सुचलंच नव्हतं. आठ काय आणि नऊ काय!

असो. जानेवारीत लेटर मिळालं आणि कर्ज हललं. प्रोसेसिंग फी, मुद्रांक, वकील यांत पहिल्या वर्षाची बचत गेलीच. मूळ कागद हातात आले, तेव्हा नव्या बँकेत देण्याआधी बाबांनी करारनामा मागून घेतला. चष्मा लावून शेवटचं पान काढलं. साक्षीदाराची सही त्यांचीच.

"शाई टिकलीय," म्हणाले, आणि पाकीट परत दिलं.