मराठी मजकुराची फाइल आणि पायथन

पायथनमध्ये मजकुराची फाइल वाचायची असो वा लिहायची असो, सुरुवात ओपन या फंक्शनने होते. त्याला फाइलीचे नाव द्यायचे आणि ती कशासाठी उघडायची ते एका अक्षराने सांगायचे. वाचण्यासाठी आर, नव्याने लिहिण्यासाठी डब्ल्यू, असलेल्या मजकुराच्या शेवटी भर घालण्यासाठी ए, आणि त्या नावाची फाइल आधीपासून नसेल तरच ती तयार करण्यासाठी एक्स. काहीच सांगितले नाही तर आर धरले जाते. पुष्कळशी प्राथमिक पुस्तके एवढे सांगून पुढच्या धड्याकडे वळतात. मराठी मजकुरावर काम करणाऱ्याला मात्र तिसरी गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. ती म्हणजे एन्कोडिंग.

प्रस्तुत लेखकाला तिचे महत्त्व पटले ते एका गावातल्या वाचनालयाची पुस्तकयादी तयार करताना. दाखल नोंदवहीतल्या नोंदी स्वयंसेवकांनी आपापल्या संगणकांवर टाइप केल्या होत्या. एका ओळीत एक पुस्तक, त्यात दाखल क्रमांक, शीर्षक व लेखकाचे नाव, आणि मधे टॅब. या फाइली एकत्र करणारा प्रोग्रॅम लिनक्सवर सुरळीत चालला. वाचनालयातल्या विंडोज संगणकावर तोच प्रोग्रॅम त्याच फाइलींपैकी पहिलीवरच थांबला. पडद्यावर युनिकोडडीकोडएरर आली, आणि ८डी हा बाइट वाचता येत नाही असा संदेश.

या एका बाइटात सगळा उलगडा आहे. फाइलीत साठवलेले असतात ते बाइट. त्यांतून अक्षरे कशी काढायची हे एन्कोडिंग ठरवते. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हे आहेत, म्हणून फाइलीत त्याचे १५ बाइट होतात. ओपनला एन्कोडिंग सांगितले नाही, तर पायथन ते संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवरून ठरवते. इंग्रजी सेटिंग असलेल्या विंडोजवर ते बहुधा सीपी-१२५२ निघते. ही पश्चिम युरोपीय भाषांची जुनी पद्धत, एका बाइटाला एक अक्षर. तिच्यात ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच बाइटांना कोणतेच अक्षर नेमलेले नाही. अक्षराचा पाय मोडणाऱ्या खुणेचा शेवटचा बाइट नेमका ८डी आहे. ऱ्हस्व उकाराचा ८१, ‘ए’चा ८एफ, ‘झ’चा ९डी. त्यामुळे जोडाक्षर आले की वाचन अडते, आणि जोडाक्षरांवाचून मराठीचे पान निघत नाही.

‘पुणे’ हा शब्द उकारामुळे अडतो. ‘मराठी’ मात्र अडत नाही, आणि हे अधिक धोक्याचे आहे. त्याचे १५ बाइट १५ परकी चिन्हे होऊन निमूटपणे आत येतात, आणि तशीच पुढच्या फाइलीत लिहिलीही जातात. त्यापेक्षा एरर आलेली केव्हाही बरी. ओपनला एरर्स या नावाने इग्नोर असे सांगता येते. मग न वाचता येणारे बाइट गाळले जातात आणि प्रोग्रॅम पुढे जातो. हा सल्ला फार सहज दिला जातो. पण नोंदवहीच्या कामात गाळलेले अक्षर पुन्हा हाती लागत नाही, म्हणून तो मानू नये. फाइल उघडताना दर वेळी, वाचतानाही आणि लिहितानाही, एन्कोडिंग यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहावे. पायथनच्या ३.१५ या आवृत्तीपासून तेच गृहीत धरण्याचे ठरलेले आहे. जुन्या आवृत्त्या वापरात आहेत तोवर ते लिहिण्याला पर्याय नाही.

वाचण्याच्या रीती सोप्या आहेत. रीड सगळी फाइल एकदम आणते. फॉर लूप एकेक ओळ देतो, आणि मोठ्या फाइलीसाठी तोच योग्य. ओळीच्या शेवटची खूण विंडोजवर दोन चिन्हांची असली, तरी वाचताना पायथन ती एकच करून देते. काही फाइलींत पहिल्या ओळीच्या आधी एक अदृश्य चिन्ह असते. विंडोजचे जुने नोटपॅड यूटीएफ-८ फाइल जतन करताना ते घालत असे. वाचनालयाच्या यादीत पहिला दाखल क्रमांक आकड्यात बदलेना, तो यामुळेच. देवनागरी अंक इंट हे फंक्शन बिनतक्रार स्वीकारते, पण हे चिन्ह नाही. स्ट्रिपनेही ते निघत नाही. अशा फाइलींसाठी यूटीएफ-८-सिग हे एन्कोडिंग आहे. चिन्ह असेल तर ते काढते, नसेल तर नेहमीसारखेच वाचते.

फाइल बरोबर वाचली तरी मराठीची एक अडचण उरते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘वाऱ्यावरची वरात’च्या प्रती यादीत दोन वेगळी पुस्तके म्हणून आल्या, आणि डोळ्यांना तर दोन्ही नावे हुबेहूब सारखी. ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी साठवला जातो. एक, ऱ हे स्वतंत्र चिन्ह, पायमोडीची खूण व य. दुसरी, साधा र, पायमोडीची खूण, न दिसणारे जोडचिन्ह व य. युनिकोडचे प्रमाणीकरण करणारे नॉर्मलाइझ हे फंक्शन या दोन रूपांना एक करत नाही. वाचलेल्या प्रत्येक ओळीत रिप्लेसने दुसरे रूप बदलून पहिले करावे लागते, आणि ते तुलना करण्याआधीच. ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘शेतकऱ्यांचा’ अशी कितीतरी शीर्षके त्याशिवाय शोधात सापडणार नाहीत.

लिहिण्याच्या बाजूला राइट हे फंक्शन आहे. ते ओळ आपण होऊन संपवत नाही, शेवटची खूण स्वतः द्यावी लागते. लिहिलेला मजकूर काही काळ स्मृतीतच थांबलेला असतो. फाइल बंद झाली की तो नक्की बाहेर पडतो. म्हणून ओपन नेहमी विथच्या आत लिहावे. मधेच एरर आली तरी विथ फाइल बंद करतेच.

डब्ल्यूबद्दल विशेष सावध राहावे. त्याने फाइल उघडताक्षणी जुना मजकूर पुसला जातो, पहिले अक्षर लिहिण्याच्याही आधी. एन्कोडिंग सीपी-१२५२ असेल तर पहिल्याच देवनागरी अक्षराला एरर येते, आणि तोवर जुनी यादी गेलेली असते. यासाठी नवी यादी वेगळ्या नावाच्या फाइलीत लिहावी, ती बंद करावी, पुन्हा उघडून ओळी मोजाव्यात, आणि मगच ओएस मॉड्यूलमधल्या रिप्लेसने तिला जुन्या फाइलीच्या जागी आणावे. दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात. निराळ्या डिस्कवर असतील तर ही अदलाबदल होत नाही.