यकृताचे दोन आजार

कर्करोग म्हटला की आपल्या घरांतून पहिला प्रश्न येतो : कितव्या टप्प्यात आहे? यकृताच्या कर्करोगात हा प्रश्न अपुरा पडतो, हे मला २०२१ साली, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आजारी पडले तेव्हा उमगले. अशा बहुतेक रुग्णांच्या देहात दोन आजार एकत्र नांदत असतात. एक गाठ, आणि दुसरा ती गाठ येण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून यकृताला कठीण व खडबडीत करीत आलेला सिरोसिस. गाठ काढता येईलही. पण उरलेले यकृत संसार चालवू शकेल काय? म्हणून १९९९ साली बार्सिलोनाच्या वैद्यांनी जी वर्गवारी मांडली तीत गाठीच्या आकाराबरोबरच यकृताची शक्ती आणि रुग्णाची हिंडण्याफिरण्याची क्षमता यांचाही हिशेब धरला गेला.

मेहुणे दारूला कधी शिवले नव्हते. तरीही यकृत म्हटल्यावर लोकांच्या भुवया उंचावत, याचे अक्काला फार वाईट वाटे. कारण निघाले ते ‘ब’ प्रकारच्या काविळीचे विषाणू. ते किती वर्षे अंगात मुक्काम ठोकून होते, कोणास ठाऊक. सोनोग्राफीत आणि नंतरच्या सी. टी. स्कॅनमध्ये दोन गाठी दिसल्या. एक साडेचार सेंटिमीटरची, दुसरी दोनची.

इंदुरात आम्ही तीन तज्ज्ञांची दारे गाठली. शल्यचिकित्सक म्हणाले, शस्त्रक्रिया झेपणार नाही. दुसऱ्यांनी रक्तवाहिनी बंद करण्याचा मार्ग सुचविला. तिसऱ्यांनी इंजेक्शने सांगितली. तिघेही आपापल्या जागी खरे बोलत होते, आणि म्हणूनच आमची पंचाईत अधिक होती. व्याकरण शिकवणाऱ्याला ‘किंवा’ आणि ‘आणि’ यांतले अंतर सांगावे लागत नाही. आम्हांला मात्र तीन कागदांवर तीन ‘किंवा’ मिळाले होते. परतताना रिक्षात अक्का म्हणाली, “अरे, या तिघांनी एकदा एकमेकांशी बोलायला नको का?”

तेच बोलणे जिथे नेमाने होते अशा मुंबईच्या एका रुग्णालयात आम्ही अवंतिका एक्सप्रेसने गेलो. तेथे यकृताचे वैद्य, शल्यचिकित्सक, कर्करोगाचे वैद्य, क्ष-किरण आणि स्कॅनचे जाणकार ठरलेल्या वारी एकत्र बसतात. या बैठकीला ‘ट्यूमर बोर्ड’ म्हणतात. रुग्ण बाहेर बाकावर, त्याची चित्रे आत पडद्यावर. प्रत्यारोपणाचाही विचार झाला. मिलान येथे १९९६ साली ठरलेल्या निकषांनुसार एकच गाठ असेल तर ती पाच सेंटिमीटरपर्यंत, आणि दोन-तीन असतील तर प्रत्येक तीन सेंटिमीटरपर्यंत असावी लागते. आमची मोठी गाठ त्या हद्दीबाहेर होती, आणि घरात यकृत देण्याजोगे कोणी निघाले नाही.

मग हाती जो कागद आला त्यात उपचारांची नुसती यादी नव्हती, क्रम होता. आधी विषाणू दाबणाऱ्या गोळ्या. कारण कर्करोगाच्या उपचारांत तो विषाणू उसळू शकतो. मग दुर्बिणीतून अन्ननलिकेची तपासणी. सिरोसिसमध्ये तेथील शिरा फुगतात आणि फुटल्या तर माणूस रक्ताच्या उलटीने दगावतो. त्या रबरी कड्यांनी बांधून टाकल्या. त्यानंतर मोठ्या गाठीची पाळी आली. निरोगी यकृताला बहुतेक रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळते, पण ही गाठ मुख्यतः धमनीवर पोसते. निसर्गाने ठेवलेल्या या फटीचाच फायदा घेतात. जांघेतून बारीक नळी थेट त्या धमनीच्या फांदीत नेऊन औषध सोडायचे आणि वाट बुजवायची. काही दिवसांनी सुईने गाठ भाजून काढायची. नुसत्या सुईने का नाही, असे मी विचारले. उत्तर साधे होते : वाहते रक्त उष्णता वाहून नेते, रक्त आधी अडविले तर तीच सुई अधिक दूरवर भाजू शकते. लहान गाठीला सुई पुरेशी झाली.

मध्येच रक्तातले कावीळदर्शक प्रमाण चढले, आणि यकृताच्या वैद्यांनी पुढचे पाऊल सहा आठवडे अडवून धरले. आम्ही अस्वस्थ झालो. पण त्या बैठकीतले सर्वांत मोलाचे माणूस मला तेच वाटते. ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असलेले.

२०२३ साली रोग यकृताच्या मुख्य शिरेत शिरला. आता गाठीपुरते उपचार भागणारे नव्हते. अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब ही जोडी सुरू झाली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती आधीच्या सोराफेनिब गोळ्यांहून सरस ठरली होती. यांतले दुसरे औषध रक्तस्राव घडवू शकते, म्हणून पुन्हा दुर्बीण आणि पुन्हा त्या शिरांची पाहणी. पोटाच्या वैद्याने होकार दिल्यावरच कर्करोगाच्या वैद्याने सलाईन जोडले. खर्चाविषयी काय लिहावे? अक्काच्या पाटल्या त्यात गेल्या.

एकत्र उपचार म्हणजे सारी औषधे एकदम ओतणे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. हीच जोडी शस्त्रक्रियेनंतर रोग परतू नये म्हणून देऊन पाहिली, तेव्हा २०२३ साली लाभ दिसल्याचे जाहीर झाले. पुढे अधिक काळ पाहता तो टिकला नाही. धमनी बुजविण्याला औषधांची जोड दिलेल्या एका मोठ्या चाचणीत रोग सुमारे आठ महिन्यांऐवजी पंधरा महिने रोखला गेला. पण रोग थांबलेला काळ आणि लाभलेले आयुष्य ही दोन वेगळी मापे आहेत, आणि वैद्यांना दोन्ही विचारावीत.

मेहुणे २०२४च्या फाल्गुनात गेले. मधल्या तीन वर्षांपैकी दोन तरी त्यांनी घरात, स्वतःच्या पायांवर, नातीला शाळेत पोहोचवीत काढली.

त्यांच्या आजारात घरातील सर्वांचे रक्त तपासले होते. तैवानने १९८४ सालीच तान्ह्या मुलांना ‘ब’ काविळीची लस द्यायला आरंभ केला आणि पुढे तेथील मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. आपल्याकडे ती लस देशभरच्या बाळांपर्यंत पोहोचायला २०११ साल उजाडले. आमची भाचरे त्याच्या कितीतरी आधीची. अक्का आणि थोरला भाचा निर्दोष निघाले, त्यांना लस टोचली. धाकट्याच्या रक्तात विषाणू सापडला. त्याचे यकृत अजून मऊ आहे. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते आणि उपाशीपोटी जावे लागते म्हणून तो कुरकुरतो. पुढची तारीख कार्तिकातली आहे. अक्काने ती कालनिर्णयावर लाल शाईने लिहून ठेवली आहे.