पेरण्याचा जयस्तंभ

उकव्याहून बालाघाट, पुढे गोंदिया आणि गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेस. मँगनीजच्या खाणीच्या आमच्या गावातून पुण्याला जायची ही सोयीची वाट. पुण्यातून नगर रस्त्याने सुमारे ३० किलोमीटरवर, भीमा ओलांडायच्या आधी, पेरणे गावाच्या हद्दीत जयस्तंभ दिसतो. कोरेगाव हे गाव नदीपलीकडे.

१ जानेवारी १८१८ रोजी शिरूरहून पुण्याकडे निघालेली कंपनी सरकारची सुमारे ८०० माणसांची तुकडी या कोरेगावात पेशवे दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी दिवसभर लढली. रात्री पेशव्यांची फौज मागे हटली, नंतर इंग्रज तुकडीही शिरूरला परतली. तरी कंपनीने तो आपला विजय मानला आणि २६ मार्च १८२१ रोजी या स्मारकाची पायाभरणी केली.

चौकोनी चौथरा आणि त्यावर वर निमुळता होत गेलेला, सुमारे ६५ फुटी दगडी स्तंभ. हा आकार मुळात इजिप्तच्या देवळांपुढचा. युरोपने तो विजयाची खूण म्हणून उचलला आणि कंपनीने भीमाकाठी आणला.

आपल्याकडे लढाईत पडलेल्याची आठवण वीरगळात असायची. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवपूजा. बहुतेक वीरगळांवर नाव मात्र नसतं. पेरण्याला नेमकं उलट! चित्र एकही नाही. इंग्रजी आणि मराठी लेख, आणि नावं.

मला हा बदल फार मोठा वाटतो. पडलेल्यांच्या ४९ नावांपैकी २२ नावांना ‘नाक’ हा महारांचा प्रत्यय आहे. शेजारी मराठा, राजपूत, मुसलमान शिपाई. ज्यांना गावाच्या वेशीबाहेर राहावं लागे, त्यांची नावं बापाच्या नावासह दगडात कोरली गेली. पुढे १८९० नंतरच्या दशकात इंग्रजांनीच महारांची भरती थांबवली, पण कोरलेलं पुसता आलं नाही. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर इथे आले, ते याच नावांपाशी. कंपनीने उभारलेला विजयस्तंभ त्या दिवसापासून अस्पृश्यांच्या स्वाभिमानाचा झाला. १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या पहिल्या बोधचिन्हातही हा स्तंभ होता. त्या रेजिमेंटचं केंद्र आज आमच्याच मध्य प्रदेशात, सागरला आहे.

१ जानेवारीला इथे लाखोंची गर्दी असते. लेख नीट वाचायचे असतील तर एखाद्या साध्या दिवशी या, आणि स्तंभाच्या उंचीपेक्षा नावांना जास्त वेळ द्या.