तोंडावर टाका नको

आत्याचा मोतीबिंदू पिकला आणि आमची नववी वाकळ अर्ध्यावर थांबली. आधीच्या आठांवर मी काढलेले फोटो आहेत, सुती कापडावर छापलेले, आणि त्यांवर आत्याचे टाके. त्रिशूरचं आमचं सोनं-चांदी गाळायचं, गलाईचं दुकान, भट्टी, मूस, तेजाबाने पिवळी पडलेली वडिलांची बोटं. १९७२च्या दुष्काळात आजोबांनी विट्याकडचं गाव सोडलं. मी मल्याळम बोलत वाढलो. आत्याने त्रिशूर कधी पाहिलं नाही. माझ्या भट्टीच्या कडेने ती गावाकडच्या बाभळी शिवायची. एका वाकळीत मुशीखालून निळा धावदोरा गेलाय. ते टेंभूचं पाणी, कराडजवळ कृष्णेतून उपसून आमच्या खानापूर तालुक्यात आलेलं.

अडचण एकच, पण सहा वर्षं सुटली नाही. चेहरा.

"माणसाच्या तोंडातनं सुई कशी घालू रं?"

चार बोटं जागा बिनटाक्याची राहिली की आतले लुगड्याचे थर सरकतात, कापड फुगतं. वडिलांचा गाल सुजल्यासारखा दिसायचा. मी चेहरे लहान छापले, सावलीत घेतले, पाठमोरे घेतले, आतून खळ लावली. खळीने चेहरा पुठ्ठ्यासारखा व्हायचा आणि एका धुण्यात पुन्हा फुगायचा. एकदा ती झोपल्यावर कानशिलापाशी मीच चार टाके घातले. सकाळी तिने त्यावरून बोट फिरवलं आणि काही न बोलता ते उसवले.

धनगराच्या तांबड्या पटक्याचे फोटो काढून बक्षिसं घेणाऱ्यांचा मला राग येतो. त्या माणसाला फोटोची प्रत कधी मिळत नाही. पण सांगलीच्या प्रदर्शनात वाकळींखाली मी माझ्या एकट्याचं नाव लावलं. लोक टाक्यांवरून हात फिरवत होते आणि कौतुक माझं करत होते. मला ते हवं होतं. दिल्लीच्या गौरी गिल यांनी २०१३पासून डहाणूजवळच्या गंजाडमध्ये राजेश वांगड यांचे फोटो घेतले, वांगडांनी त्यांवर वारली रेघांनी आपल्या गावाच्या गोष्टी काढल्या. त्या कामाखाली दोघांची नावं असतात. हे मला तेव्हाही माहीत होतं.

आता आठही वाकळींच्या कोपऱ्यात मी आत्याचं नाव शिवतोय. माझे टाके वाकडे पडतात. तुमच्या घरात वाकळ असेल तर शिवणारीला विचारून तिचं नाव तिच्याच हाताने घालून घ्या, डोळे चांगले आहेत तोवर.